डाव्या कोपऱ्यातला भार

बसा. स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो. इकडं टायरवर बसा.

तुम्ही कुंदनच्या गाडीचं विचारलं म्हणून सांगतो. एरवी मी कुणाला सांगत नाही. कुणी हसलेलं मला चालत नाही.

मी भिका मिस्तरी. म्हसरूळच्या पुढं दिंडोरी रोडला हे माझं गॅरेज. मागं एक खोली आहे, तिथं मी एकटा राहतो. शाळा तिसरीपर्यंत. इंजिनाला मी हात लावत नाही. माझं काम गाडीच्या खालच्या अंगाचं. भार झेलणाऱ्या कमानीचे लोखंडी पाटे, बुश, शॉकअप. गाडी कुठं कुरकुरते ते मला रस्त्यानं जाताना ऐकून कळतं. वणीपासून निफाडपर्यंतचे ड्रायव्हर आवाजासाठी माझ्याकडं येतात. ही फुशारकी नाही. तसं आहे.

थंडीचे दिवस होते. द्राक्षं काढणीला आलेली. सकाळी धुकं एवढं की समोरचा लिंब दिसत नव्हता. त्या धुक्यातून पिकअप आली. ती दिसायच्या आधी मला ऐकू आली.

कुंदन उतरला. दिंडोरीकडचा पोरगा, लग्नाला वर्ष झालेलं. सकाळी मजुरांची टोळी मळ्यावर न्यायची, दुपारी द्राक्षांचे क्रेट वाहायचे, हा त्याचा धंदा. गाडी त्यानं दिवाळीत जुनी घेतली होती.

"मिस्तरी, मागून आवाज येतो. डाव्या बाजूनं."

"कसला?"

"आधी कर्र... असा. मग टक."

"भरलेली असताना, की रिकामी?"

त्यानं मागच्या उघड्या हौद्याकडं पाहिलं. "रिकामीच."

"कुणाकुणाला दाखवली?"

"तिघांना. एकानं बुश टाकले. दुसऱ्यानं शॉकअप बदलले. तिसरा म्हणला, गाडी डावीकडं बसती, म्हणून एक पाटा वाढवला."

मी वाकून पाहिलं. उजव्या कमानीला कंपनीनं दिले तेवढेच पाटे. डाव्या कमानीला एक जास्त. माझं डोकं फिरलं.

"गाडी एका बाजूला बसते तर ती का बसते ते बघायचं. खाली लोखंड कोंबायचं नाही. ही काय मिस्तरीची रीत झाली?"

शेजारी सहादूचं पंक्चरचं दुकान. तो चहाचा कप घेऊन आलाच. त्याला दुसऱ्याच्या गिऱ्हाइकात तोंड घातल्याशिवाय चहा उतरत नाही.

"कुंदनशेठ, आधी मिस्तरीच्या कानात ग्रीस मारा," तो म्हणाला. "मग गाडीला."

दोन-तीन महिने हेच चाललं होतं. म्हातारा बहिरा झाला, असं यानं नाक्यापर्यंत पसरवलेलं. ड्रायव्हर माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागले होते. ते मला शिवी दिल्यासारखं लागायचं. मिस्तरीचा हात थकला तर चालतो, हातासाठी माणूस ठेवता येतो. कान गेला तर माणूस घरी बसतो.

मी पाना हातात घेतला आणि सहादूला म्हणालो, "हा आवाज माझ्या हातून गेला नाही, तर सगळे पाने तुला देऊन टाकीन. दुकानात टांगून ठेव."

"बघा हं मिस्तरी. मी खरंच टांगीन."

"मी बोललो."

कुंदन मान खाली घालून उभा होता. मला तेव्हा वाटलं, तो माझ्या बोलण्यानं दबला. तसं नव्हतं.

गाडी जॅकवर घेतली, खाली आधाराला घोड्या लावल्या. पहार घालून एकेक सांधा हलवून पाहिला. बुश चांगले. शॉकअप चांगले. डाव्या बाजूचे यू बोल्ट मात्र ढिले. ते सोडले आणि आतला सेंटर बोल्ट हातात आला, तुटलेला. सगळे पाटे एकत्र धरणारा बोल्टच तुटला की धक्क्याला एक्सल सरकतो. तोच टक. तिघांनी नवे पार्ट टाकले आणि बोल्ट कुणी पाहिला नाही. मी सहादूच्या कपाजवळ तो तुटका बोल्ट ठेवला.

नवा बोल्ट घातला, यू बोल्ट आवळले, पाट्यांची टोकं घासून ग्रीस भरलं. वाढवलेला पाटा दुपारनंतर काढू म्हणून तसाच ठेवला. गाडी खाली उतरवून मी टायर आणि मडगार्डमधली जागा हातानं मापली. ही माझी सवय. त्या जास्तीच्या पाट्यामुळं डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं वर होती. तशीच असायला पाहिजे.

मळ्याच्या खड्ड्यांतून एक फेरी मारून आलो. टक गेला होता.

गाडी उभी केली. इंजिन बंद. कुंदन चहा सांगायला गेला, सहादू त्याच्या दुकानात. धुकं निवळून ऊन पडलं होतं. वाऱ्यावर मळ्यांत मारलेल्या गंधकाचा वास येत होता. मी बादलीपाशी हात धूत होतो.

कर्र...

उभ्या गाडीतून.

तुम्हाला म्हणून सांगतो. पाटा दोन आवाज करतो. भार चढला की दबताना एक, तो खालचा, लांबट. भार उतरला की सुटताना दुसरा, तो आखूड आणि वरचा. आंधळ्यालाही कळावं इतका फरक आहे. मी ऐकला तो दबण्याचा होता.

हौद्यात पाहिलं. एक दुमडलेलं गोणपाट डाव्या मागच्या कोपऱ्यात, बाकी काही नाही. मांजर असेल म्हणावं, तर मांजरानं पाटा दबत नाही. मी टायरपाशी बसलो आणि हात लावला. डावी बाजू आता उजवीबरोबर होती. दोन बोटं कुठं गेली?

कुंदन चहा घेऊन आला. मी त्याला माप दाखवलं. तो घाबरला नाही. तोंड लपवल्यासारखं त्यानं खाली पाहिलं.

"कुंदन. तू आवाजासाठी आला नाहीस."

"आवाजासाठीच आलो, बाबा. पण टोळी गाडीत बसत नाय. आज तिसरा दिवस. चालत जातात मळ्यावर, उशीर होतो. मळेवाल्या मालिनीताईंची द्राक्षं पिकून लोंबायला लागली. त्या म्हणल्या, उद्या टोळी वेळेवर नाय आली तर दुसरी आणते. टोळी गेली की माझी गाडी पण गेली."

"का बसत नाहीत?"

"मला नाय सांगत. टोळीतली अक्काबाई म्हणती, मिस्तरीला घेऊन ये. त्यालाच सांगते."

त्याच गाडीतून आम्ही गेलो. दिंडोरीच्या अलीकडं एका मळ्याच्या बांधावर टोळीच्या झोपड्या होत्या. सुरगाण्याकडची माणसं. द्राक्षांच्या कामाला येतात, हंगाम सरला की डोंगरात परततात. अक्काबाई त्यांच्यातली म्हातारी, माझ्याच वयाची. चुलीपुढं नागलीची भाकरी थापत होती. मला पाहून उठली नाही. मला ते आवडलं.

"तूच का पाटा घातला?" तिनं विचारलं.

"मी नाही. दुसऱ्यानं."

"काढ तो."

"का?"

तिनं भाकरी उलटली. आज कामाला न गेलेल्या दोन-तीन पोरी जवळ बसल्या होत्या, त्या तिच्याकडं सरकल्या.

"त्या कोपऱ्यात एक जण बसती," अक्काबाई म्हणाली. "गाडी आली तवापासून बसती. कोण ते आमाला ठाव नाय. आमी इचारलं नाय. गाडीत जागा असंल तर बसावं माणसानं. आमी गोणपाट टाकून दिलं. ती तिच्या जागी, आमी आमच्या जागी. काय तरास नव्हता."

"मग आता काय झालं?"

"तुमी लोखंड घातलं. कोपरा टणक झाला. खड्ड्यात आदळतो. तिला बसवत नाय आता. सरकती." तिनं एका पोरीकडं हात केला. "मैना शेजारी बसायची. तीन दिवसांमागं मैनाच्या मांडीवर भार आला. भरल्या क्रेटवानी... आणि गार. पोरीला उठता येईना."

मैनानं पदर तोंडात धरला होता. ती माझ्याकडं बघत नव्हती, उभ्या गाडीकडं बघत होती.

"एखादा देवऋषी बघा की मग," मी म्हणालो. "मी मिस्तरी आहे."

"तिला कुठं काय झालंय? कोपऱ्याला झालंय," अक्काबाई म्हणाली. "कोपरा नीट कर. ते तुझंच काम हाय ना?"

ती म्हातारी मला माझं काम सांगत होती. आणि ते बरोबर होतं. मला तिचा राग आला, पण बोलायला जागा नव्हती.

परत गॅरेजवर आलो. कुंदनला म्हणालो, तू लांब बस. जास्तीचा पाटा काढला. पाटा काढल्यावर गाडी डावीकडून दोन बोटं खाली बसली. हौदा रिकामा, आणि गाडी वाकडी. माझ्या गॅरेजातून वाकडी गाडी कधी बाहेर गेलेली नाही. मी बराच वेळ तिच्याकडं बघत उभा राहिलो. मग मनाशी ठरवलं. गाडी रिकामी नाहीच. भरलेली गाडी भारानं बसणारच. मग वाकडी कुठं आहे? बसणारा कोण, हे मिस्तरीनं विचारायचं नसतं. भार किती, आणि त्याला धक्का किती बसतो, एवढंच बघायचं.

तसं ठरलं आणि हात चालायला लागले. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, पाट्यांच्या टोकांमध्ये बसवल्या. लोखंडाला लोखंड लागू द्यायचं नाही. कमान टांगणाऱ्या शॅकलच्या पिना पुसून ग्रीस भरलं. मी खाली झोपून काम करत होतो, आणि माझ्या तोंडावर, वीतभर अंतरावर, हौद्याचा तळ होता. तो पत्रा मध्येच हलकेच वाजायचा. वर बसलेल्यानं पाय सरळ करावा, तसा. मी म्हणालो, "थोडं थांब. होत आलं."

पत्रा वाजायचा थांबला.

मी खोटं सांगत नाही. माझ्या हातातला पाना तेव्हा निसटला आणि गालावर पडला. ही खूण पाहा.

ऊन कलताना गाडी काढली. तपासणीला मी ड्रायव्हरशेजारी कधी बसत नाही. हौद्यात बसतो. सळईचं एक टोक हौद्याच्या तळाला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. मग गाडी स्वतः बोलते. सहादू दुकानातून ओरडला, "मिस्तरी, पाने पुसून ठेवले ना?" मी हात वर केला.

वणीच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडं द्राक्षांचे मांडव. मी उजव्या कोपऱ्यात. समोर डाव्या कोपऱ्यात गोणपाट. वारा एवढा होता की माझी टोपी उडत होती, गोणपाटाचं टोक मात्र हलत नव्हतं. सळईतून मी ऐकत होतो. पाटे गप्प. पिना गप्प. आणि त्या गप्पपणात दुसरं काही तरी... कापड पत्र्यावर घासतं तसं. टणक जागी बसलेलं माणूस या कुशीवरून त्या कुशीवर होतं, तसं.

खड्डा आला. घासण्याचा आवाज माझ्या बाजूला सरकला. हातभर. ओल्या गोणपाटाचा वास आला. पावसाळा संपून किती दिवस झाले होते.

मी केबिनची काच ठोकली. "थांब!"

कुंदन पांढरा पडून खाली आला. "काय झालं? पळायचं का, बाबा?"

"पळतोस कुठं? पट्टी जाड झाली. बसणाऱ्याला टोचतंय. जॅक काढ."

"इथं? रस्त्यावर?"

"मग काय, तिला घरी सोडून येऊ?"

तो हसला नाही. जॅक लावला. मी खालच्या पाट्यातली एक पट्टी काढली, दुसरी सोलून पातळ केली. एक मोटारसायकलवाला थांबला, "हेल्प पाहिजे का काका?" मी म्हणालो, नको. त्यानं हौद्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "आजींना खाली तरी उतरवायचं." आणि गेला.

कुंदनच्या हातातला जॅकचा दांडा खाली पडला. मी त्याला म्हणालो, "उचल. काम पुरं करायचं आहे."

पुन्हा निघालो. तोच तसला रस्ता, तसलेच खड्डे. आता घासण्याचा आवाज नाही. पण माझं समाधान होईना. मऊ झालं की नाही ते लांबून कळत नाही. ज्या जागेचं काम केलं त्या जागी स्वतः बसून बघायचं, ही माझी पहिल्यापासूनची रीत आहे. ती मी कुणासाठी मोडत नाही.

मी उठलो. चालत्या गाडीत हौद्याची कड धरून डाव्या कोपऱ्यात गेलो.

"सरक जरा," मी म्हणालो. "मला बघू दे."

पाटा हलकेच सुटला, आणि लगेच जरा पुढं दबला.

मी बसलो. पत्रा बर्फासारखा गार होता. गाडी खड्ड्यातून गेली, आणि सांगतो तुम्हाला, पाळण्यात बसल्यासारखं वाटलं. धक्का येत होता तो आधीच विरून. माझ्या सगळ्या हयातीत एवढी मऊ कमान मी बसवली नव्हती. दोन्ही बाजूंना द्राक्षांवर सोनेरी ऊन होतं. मला हसू आलं.

तेवढ्यात माझ्या डाव्या खांद्यावर भार आला.

एकदम नाही. हळूहळू. दिवसभर मळ्यात राबलेली बाई गाडीत पेंगते, मान कलते, शेजारणीच्या खांद्यावर टेकते... तसा. गार होता. ओला वास होता. मी मान वळवली नाही. सळई हातात घट्ट धरली आणि समोर बघत राहिलो. छाती अशी धडधडत होती की वाटलं, त्या धक्क्यानं ती उठेल.

पण भीतीच्या खाली दुसरंही काही होतं, ते लपवत नाही. तिला झोप लागली होती. खड्ड्याच्या रस्त्यावर, चालत्या पिकअपच्या हौद्यात, माझ्या पाट्यांवर. कुठल्या मिस्तरीला अशी पावती मिळाली आहे?

परत येईपर्यंत मी हललो नाही. गॅरेजपुढं गाडी थांबली, मी उतरलो. पाटा सुटल्याचा आवाज आला. माझ्या अंगाच्या मानानं जरा जास्तच वर उठला. मी तेव्हा मनावर घेतलं नाही. सहादू कान देऊन उभा होता.

"बोल," मी म्हणालो. "काही ऐकू येतंय?"

त्यानं स्वतः गाडी चालवून आणली. परत आला आणि म्हणाला, "मिस्तरी, कान शाबूत हाय तुमचा. मीच येडा." नाक्यावरही त्यानं तेच सांगितलं. आता माझ्याशी कुणी मोठ्यानं बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी टोळी गाडीत बसली आणि वेळेवर मळ्यात पोचली. मालिनीताईंची द्राक्षं निघाली. कुंदनचा हंगाम वाचला.

हंगाम सरल्यावर तो डोंगराकडं टोळी सोडायला निघाला, तेव्हा आधी मुद्दाम इकडं आला. मला द्राक्षांचा क्रेट दिला. तोंडभरून हसत होता.

"बाबा, काय हात हाय तुमचा! गाडी एकदम सरळ उभी राहते. रिकामी असली तरी. तो जास्तीचा पाटा काढल्यावरसुद्धा."

मी मापलं. दोन्ही बाजू सारख्या.

हौद्यात पोरी गाणं म्हणत बसल्या होत्या, मैना डाव्या कोपऱ्यात पाय पसरून. अक्काबाई मात्र खाली उतरली. तिच्या हातात ते गोणपाट होतं, नीट घडी घातलेलं.

"त्याच दिवशी गेली ती," अक्काबाई म्हणाली. "तू तपासायला नेली, तवाच. आमी वाट पाहिली. परत आली नाय."

"मग बरंच झालं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या खोलीच्या उघड्या दाराकडं. तिथंच ती बघत राहिली. गोणपाट तिनं माझ्या हातात दिलं आणि गाडीत चढली.

खोलीत माझी दोरीची बाज आहे. दुपारी मी बाजेवर आडवा होतो. त्या दिवसापासून, डोळा लागायला आला की बाज पायथ्याला कुरकुरते. दबते. मी डोळे उघडत नाही. पाय जवळ घेतो.

टणक जागी ती बसत नाही, जवळ सरकते, हे मला माहीत होतं. म्हणून मी पायथ्याची दोरी ढिली केली, झोळीसारखी मऊ. वर गोणपाट टाकलं. महिना झाला, ती तिच्या जागी, मी माझ्या जागी. काम कसं करावं ते मला कुणी शिकवायला नको.

काल उठलो तर पाय पोटाशी आखडलेले आणि मांड्या गार पडलेल्या. खाली वाकून पाहिलं. पायथ्याची दोरी कुणीतरी ताणून बांधली होती. फळीसारखी गच्च. बोटानं दाबून पाहिली, दबली नाही.

दाराला आतून कडी होती. मी गाठ निरखून पाहिली. चांगली होती, सफाईदार. पण माझ्या हातची नव्हती.